पट्टी एक ओळ सरकली

हॅलो? … हो ताई, मीच. अगं ओरडू नकोस, ऐक ना…

माहितीये, सकाळपासून पडद्यांच्या दुकानात ताटकळते आहेस. आणि मी तुझ्यासाठी रजा काढून… हो, हो… इथे नर्सिंग कॉलेजच्या फाटकाशी उभी. थांब, कट्ट्यावर बसते. पायांचे तुकडे पडलेत.

झालं काय, कपाटाची किल्ली द्यायला ऑफिसात डोकावले. म्हटलं, काल दिलेल्या जन्मदाखल्यांच्या प्रती एकदा नजरेखालून घालू. तर एका मुलीला मी चक्क दुसऱ्याचाच बाप लावून दिलेला!

हसतेस काय? … अगं, जुनं रजिस्टर हे एवढं मोठं! ओळीखाली फूटपट्टी धरून उतरवतो आम्ही. ती सरकली एक ओळ वर. आणि अर्जावरच लिहिलेलं, आज तिच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. कागद जुळला नाही तर वर्ष गेलं पोरीचं.

फोन? अर्जावर नंबर कुठे होता! नुसता पत्ता. नवा दाखला केला, साहेबांना चहावरून उठवून सही घेतली, चार जिने चढले… तर दाराला कुलूप! शेजारीण म्हणाली, आत्ताच कॉलेजात गेली. धावले तशीच.

सापडली गं! खिडकीपासून तिसरी होती रांगेत. तिच्या हातात कागद ठेवला तेव्हा कुठे जिवात जीव आला. सुटले बाई!

… "तुम्ही कोण?" म्हणाली. काय सांगणार? म्हटलं, कालची चूक.

… शिपायाला का पाठवू? चूक त्याची होती? … अगं, सरकारी माणूस काय खिडकीच्या आतच जन्मतो? रांगेतल्या माणसाचं काम व्हावं म्हणून तर मला तिथे बसवलंय. नुसती खुर्ची काय, कुणीही उबवेल.

… पट्टी कशी सरकली? जाऊ दे ना… नको विचारूस… बरं, ऐक. काल सव्वाबाराला तुझा फोन आला होता. हिरवे घेऊ की निळे. पट्टीवरचा हात काढून मी तो उचलला.

… ताई? … हॅलो? … नाही गं, तुझी कशी चूक? उचलला मी. … वेडी का तू, भर दुकानात रडतेस? मिळाला ना तिला दाखला! खिडकीवर घेतला तो, मी उभी राहून बघितलं.

… हं. पण यापुढे ऑफिसच्या वेळात मी उचलणार नाही. वाजवत बस हवं तर. … बस आली, ठेवते. आणि दुकानदाराला सांग, हिरवेच.