बारा-तेरा आणजो

माह्या जुन्या जीपचं खूळ तुम्हाले ठाऊकच हाय. वर्ध्याच्या कॉलेजातली माही पुतणी रिंकू रविवारी सेलूले येऊन जीपचं काम शिकते. मांगं ब्रेक खोलायचा होता, अन् बारा-तेरा नंबरचा पाना सापडेना. फोन केला, "रिंके, येताना बारा-तेरा आणजो."

"बारा-तेरा? नक्की?"

"अवं हो! त्याच्याबिगर ब्रेक खुलत नाई."

रविवारी दारात दोन ऑटो थांबले अन् पोरीच पोरी उतरल्या. बायको म्हणे, "कोणाचं लगन हाय?" मले तरी कुठं ठाऊक!

"रिंके, पाना कुठं हाय?"

"कोणता पाना, मोठेबाबा? मैत्रिणी अकराच जमल्या."

संध्याकाळी साऱ्याइचे हात ग्रीसनं काळे. निंगताना रिंकू म्हणे, "पुढच्या रविवारी किती आणू?"

मले तीस-बत्तीसचा पाना पाह्यजे होता. तो मी सोताच जाऊन आणला.