चुकांचा शनिवार

शेखचाचा, इरफान, आप्पा, आणि या शेडमध्ये जमलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. मी जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट बोलत नाहीत, त्यामुळे मलाही बोलायची सवय नाही. पण आप्पा म्हणाले, "डॉक्टर, रुखसानाशी सगळ्यात जास्त भांडलात तुम्ही, तेव्हा बोलायचंही तुम्हीच." हे खरं आहे. मी तिच्याशी खूप भांडलो. आता भांडायला कुणी नाही, म्हणून इथे उभा आहे.

आपण बसलोय ती जागा बघा. दुधाचे क्रेट उलटे करून बसलोय. आज शोकसभा आहे म्हणून असं बसलो नाही. इथे दर शनिवारी आपण असेच बसायचो आणि समोर, त्या खांबापाशी, रुखसाना उभी असायची. आज तिथे तिचा फोटो ठेवलाय. मला तिकडे बघवत नाही. मी तुमच्याकडे बघून बोलतो.

बाहेरगावाहून आलेल्यांना सांगतो. रुखसाना इथलीच, बेलापूरची. चाचांच्या, म्हणजे तिच्या अब्बांच्या, सायकलच्या दुकानात, चाकांच्या तारा आवळत लहानाची मोठी झाली. पुण्याला संगणकाचं शिकली, तिथेच मोठ्या कंपनीत नोकरीला लागली, आणि एक दिवस सामान घेऊन परत आली. का आलीस, असं विचारलं की म्हणायची, "तिथं मी काय करते ते अब्बांना सांगता येत नव्हतं." बास. याहून जास्त कधी सांगितलं नाही.

ती आली तेव्हा आपल्या डेअरीचे हाल चालले होते. आप्पा, तुम्ही चेअरमन, मी बोलू ना? राग मानू नका. दूध घालणाऱ्यांसाठी आपण फोन ठेवला होता. जनावर आजारी पडलं की फोन करा, डॉक्टर येईल. फोन इतके यायला लागले की आम्ही दोघं डॉक्टर पुरेनात. मग कुणीतरी आप्पांना सांगितलं, आता यंत्र फोन घेतं, आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणा. शहरातून टाय लावलेली माणसं आली. पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांच्या यंत्राला जगातलं सगळं येत होतं. ते कविता करायचं, चंद्रावरची माहिती द्यायचं, वकिलाची नोटीस लिहून द्यायचं. आणि आपल्या एका बाईनं घाबरून फोन केला, "गाय अडलीय वो, वासराचा पाय भाईर आलाय," तर ते अगदी गोड आवाजात म्हणालं, कृपया जवळच्या पशुवैद्यकाशी संपर्क साधा.

अहो, आम्हीच ना ते जवळचे!

हसा. हसलात तरी चालेल. ती ही गोष्ट सांगताना इतकी हसायची की तिला ठसका लागायचा.

तिनं काय केलं? आधी काहीच केलं नाही. सुनंदाच्या शेजारी खुर्ची टाकून नुसती फोन ऐकत बसली. आपली सुनंदा, फोन घेणारी, ती काय इथे पुढे बसलीय. बरेच दिवस ऐकलं आणि मग आप्पांना म्हणाली, "आप्पा, जगातलं सगळं येणारं यंत्र आपल्याला काय करायचंय? आपला प्रश्न एकच हाय. आलेल्या फोनवर डॉक्टरनं आत्ता निघायचं, सकाळी जायचं, का फोनवरच सांगून भागायचं? एवढं एक काम ज्याला नीट येतं, तेवढंच यंत्र करू. लहान करू. आपल्या फोनांवर शिकवू." आप्पांनी विचारलं, लहान यंत्र कमी शहाणं नसेल का? ती म्हणाली, "डॉक्टरांना तरी वकिली कुठं येते?" त्या दिवशी मला तिचा पहिल्यांदा राग आला.

दुसऱ्यांदा राग लगेचच आला. जुने फोन रेकॉर्ड केलेले होतेच. ते तिनं मला आणि डॉक्टर भांगऱ्यांना वेगवेगळ्या खोलीत बसवून ऐकवले. भांगरे अकोले तालुक्यातले, डोंगरातली गावं त्यांच्याकडे. प्रत्येक फोनवर तुम्ही काय केलं असतं ते लिहा, म्हणाली. आम्ही लिहिलं. तिनं दोघांचे कागद शेजारीशेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला. मी ज्या फोनला सकाळी बघू म्हणालो, त्याला भांगरे आत्ता निघा म्हणाले होते. आमचं एकमत फारच थोड्या ठिकाणी होतं. "दोन डॉक्टरांचंच पटत न्हाई," ती म्हणाली, "मी यंत्राला शिकवू काय?"

मग आम्ही भांडलो. चहावर चहा. भांगरे म्हणायचे, पावसाळ्यात वरच्या वाडीत पोचायलाच अर्धा दिवस जातो, तिथे सकाळपर्यंत थांबलं तर सकाळी चामडं सोलायलाच जावं लागेल. मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी सपाटीवरचा डॉक्टर. तेच दुखणं, तीच गाय, पण गाव बदललं की घाई बदलते. हे आमच्या दोघांच्या डोक्यात वेगवेगळं पडून होतं. ते तिनं बाहेर काढलं, एकापुढे एक मांडलं, आमचं पटेपर्यंत आम्हाला उठू दिलं नाही, आणि मग यंत्राला शिकवलं. ते यंत्र आतल्या खोलीत आहे. शिलाई मशीनच्या टेबलावर मावतं. वीज खातं तीसुद्धा फार नाही.

एक गोष्ट शिकवायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. यंत्राला "मला कळत नाही" असं म्हणायला शिकवणं. कळलं नाही की फोन गपचूप सुनंदाकडे द्यायचा. मी म्हणालो, हे शिकायला माणसालाही फार वेळ लागतो. ती म्हणाली, "तुमाला अजून कुठं आलंय?"

अशी होती. तोंडाला फटकळ, आणि शब्द परत घ्यायची नाही.

आणि मग हा शनिवार. दूध टँकरमध्ये गेलं, शेड धुतली की सगळ्यांनी क्रेट उलटे करून बसायचं. डॉक्टर, सुनंदा, दूध मोजणारे, ड्रायव्हर, सगळ्यांनी. आठवडाभरात यंत्राचं जे जे चुकलं ते सुनंदानं ऐकवायचं. ज्यानं चूक पकडली त्याला पहिली भजी. गरम, कढईतून काढलेली. रुखसाना स्वतः गाड्यावरून आणायची. आपले ड्रायव्हर भज्यांसाठी चुका शोधायचे, खोटं नाही सांगत. आणि सापडायच्या. दर आठवड्याला सापडायच्या. तिला आनंद व्हायचा. त्या चुका ती यंत्रापुढे ठेवायची, आणि पुढच्या आठवड्यात ते थोडं सुधारलेलं असायचं.

एखाद्या शनिवारी कुणीच काही बोललं नाही, तर मात्र तिचा चेहरा पडायचा. "ही शांतता मला आवडत न्हाई," म्हणायची. "यंत्र काय एवढं शहाणं झालेलं नसतं. तुमी बघायचं सोडलेलं असतं."

मग ती आजारी पडली.

इरफान, भाऊ म्हणून तू आणि बाप म्हणून चाचांनी काय सोसलंत, ते मी बोलणार नाही. मी आमचं बोलतो. आम्ही काय केलं ते.

दवाखान्यातून तिचा दर शनिवारी फोन यायचा. "काय चुकलं?" पहिला प्रश्न तोच. तब्येतीचं विचारलं की उडवून लावायची. काय चुकलं ते सांगा. पहिले काही शनिवार आम्ही सांगितलं. मग तिचा आवाज खोल जायला लागला. एक दिवस सुनंदानं फोन हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय न्हाई ताई. समदं बरोबर चाललंय. तुमचं यंत्र लई भारी हाय." मी मान हलवली. आपण सगळ्यांनी मान हलवली. आजारी माणसाला चुका कशाला सांगायच्या? तिला बरं वाटावं. आपण असेच आहोत. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण खोटं बोलतो आणि त्याला माया म्हणतो.

खोटं बोलायचं तर ते निभवावं लागतं. काही चूक नाही असं सांगायचं, तर शोधायची तरी कशाला? आम्ही शोधायचं सोडलं. शनिवारी बसायचो. भजी यायची. चूक यायची नाही. नवीन पोरांना वाटायला लागलं, ताईंनी शिकवलंय म्हणजे बरोबरच असणार. यंत्रानं सकाळी म्हटलं की सकाळी. त्याच्यावर बोट ठेवणं म्हणजे तिच्यावर बोट ठेवणं, असं वाटायला लागलं. मलाही वाटायला लागलं.

एकदा तिनं मला फोनवर विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. इतके दिवस एकबी चूक न्हाई?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "बरं." आणि त्यानंतर तिनं परत कधी विचारलं नाही. तिला कळलं होतं हो. तिला कळलं नसेल असं कसं होईल?

यंदा नदीकाठच्या वस्त्यांवर लोकांनी मुरघास करायला सुरुवात केली. मका कापून पिशवीत दाबायचा, आंबवायचा आणि वर्षभर घालायचा. चांगली गोष्ट आहे. पण पिशवीला भोक पडलं, आतला चारा बुरशीनं नासला, की जनावराला विष होतं. गाय आधी नुसती सुस्त होते, कान पाडते, थोडं खातेही. मग एकदम बसते, ती उठत नाही. आपल्या यंत्राला हे दुखणं माहीतच नव्हतं. त्यानं ऐकलेले सगळे जुने फोन हिरव्या चाऱ्यावरच्या गायींचे. त्याला वाटलं, सुस्त आहे, खातेय, सकाळी बघू. त्याचं काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नाही. असे फोन येत होते. सुनंदाच्या मनात येत होतं, हे मुरघासाचं असणार. तिनं मला नंतर सांगितलं, रडत सांगितलं. पण ताईंच्या यंत्रावर आपण कोण बोलणार, म्हणून ती गप्प बसली.

तशाच एका वस्तीवरच्या मावशी आज आल्यात. मागे, दाराशी बसल्यात. त्यांच्या दोन गायी होत्या, त्यातली दुभती गेली. त्यांच्या फोनला यंत्रानं सकाळी म्हटलं, म्हणून मी सकाळी पोचलो, तेव्हा ती गार पडली होती. मावशी मला काय म्हणाल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, "मशीनीवर माजा राग न्हाई, डाक्टर. त्याला काय कळतंय. पर तुमी समदे हुता की तिथं."

तुमी समदे हुता की तिथं. मावशी, होतो आम्ही.

हे सगळं रुखसाना जिवंत असताना झालं. तिला आम्ही सांगितलं नाही. तेही आम्ही मायेनंच लपवलं.

तिला मातीआड करून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी आतल्या खोलीतल्या यंत्राला झेंडूचा हार घातला होता. कुणी घातला ते मी विचारत नाही. चाचा आले होते तिचा डबा आणि चष्मा न्यायला. त्यांनी बघितलं. आपल्या हातानं हार काढला आणि म्हणाले, "बाळांनो, याला हार नका घालू. माझी पोरगी याला रोज रागवायची." आणि डबा घेऊन गेले.

आता पुढचं. तुम्हाला माहीतच आहे, तरी इथे उघड बोलतो. पुढच्या महिन्यापासून आतलं यंत्र बंद होणार. आप्पांनी बाहेरच्या कंपनीची तयार सेवा घेतली आहे. ती चंद्रावरची माहितीही देईल. मी आप्पांना दोष देत नाही. गाय मेल्यावर त्यांनी विचारलं, हे यंत्र सांभाळणारं कोण आहे आता? कुणीच हात वर केला नाही. शिकवायचं कसं, ते रुखसानानं सुनंदाला दाखवलं होतं, मला दाखवलं होतं, भांगऱ्यांना दाखवलं होतं. अवघड नव्हतंच ते. दर शनिवारी बसायचं, चुकलं ते चुकलं म्हणायचं, आणि पुढच्या वेळी बरोबर करायचं. यंत्र घेणं सोपं होतं, ते आपण घेतलं. हे एवढं मात्र आपल्याला जमलं नाही.

आधी बोललेले म्हणाले, तिचं काम पुढे नेऊ. मला असं म्हणवत नाही. मी म्हातारा झालोय आणि खोटं बोलून बोलून थकलोय. तिचं काम पुढे जाणार नाही. ती गेली त्याच्या आधीच आपण ते थांबवलं होतं, तिला बरं वाटावं म्हणून. या शेडमध्ये पुन्हा शनिवारी कुणी चुका वाचेल असं मला वाटत नाही. कुणी म्हणेल, डॉक्टर, अशा वेळी थोडा धीर द्यायचा असतो. माझ्याजवळ असता तर दिला असता.

रुखसाना, तू विचारलं होतंस, काय चुकलं. मी नाही म्हणालो होतो. आज तुझ्या अब्बांसमोर, या सगळ्यांसमोर सांगितलं. उशीर झाला.

आता रिवाजाप्रमाणे आपण उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळायची आहे. तिला या शेडमधली शांतता आवडायची नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण द्यायला दुसरं काही उरलेलं नाही.

सुनंदा, फोन बंद करू नकोस. यंत्र महिनाअखेरपर्यंत चालू आहे. आपण इथे उभे असताना ते आत कुणाचातरी फोन ऐकत असेल. आणि त्याचं काही चुकलं, तर ते आज कुणी बघणार नाही.

उठा. उभे राहूया.