विचाराधीन बाबा

...आणि केंद्र कुठे काढणार होते, तर चौथ्या मजल्यावर! तुम्हाला सांगतो, ज्या माणसाला स्वतःच्या घरात न्हाणीघर सापडत नाही, त्याने म्हणे लिफ्टमधून बाहेर पडून डावीकडे वळायचं, मग उजवीकडे, मग काचेचा दरवाजा ढकलायचा, ढकलायचा बरं का, ओढायचा नाही, आणि आत जाऊन मोबाइलवर आलेला नंबर सांगायचा. आठवून. अहो, आठवलं असतं तर तो तिथे आला कशाला असता?

मी हे बैठकीत विचारलं. हो, मी समितीवर आहे. शहरात म्हातारी माणसं वाढली, विसरणारी वाढली, त्यांना दिवसभर सांभाळायला केंद्र काढायचं म्हणून आरोग्य खात्याने समिती नेमली. त्यात एक डॉक्टर, एक इंजिनियर, एक हिशेबवाले, एक सचिव आणि 'कुटुंबीयांचा प्रतिनिधी' म्हणून मी. माझी खुर्ची दाराला चिकटून, कुणी आत आलं की मी उठायचं. तर मी विचारलं, आणि सचिव चष्मा पुसत म्हणाले, "आपला मुद्दा विचाराधीन आहे." झालं. जागा विचाराधीन, नर्स विचाराधीन, पंखा विचाराधीन. यांच्या विचारात सगळं आहे हो, फक्त विचाराबाहेर काही येत नाही.

आता माझी घाई काय, तर माझी आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, डोळ्यांचे डॉक्टर ओरडतायत की आता थांबलात तर आहे ती नजरही जाईल. पण ऑपरेशननंतर वाकायचं नाही, धावपळ करायची नाही. आणि बाबा? बाबा रोज सकाळी कामावर निघतात. कारखान्यात खातेप्रमुख होते, निवृत्त होऊन जमाना झाला, पण इस्त्रीचा शर्ट घातला की निघाले. मग आई मागे, भिंतीला हात लावत लावत. मी आणि बायको दोघं नोकरीवर. माणूस ठेवला तर बाबांनी त्याला पहिल्याच दिवशी कामावरून काढून टाकलं! केंद्र झालं तरच आईचे डोळे. हे मी सांगितलं, तर सचिव काय म्हणाले असतील? बरोबर. विचाराधीन.

त्या दिवशी आईला ताप, म्हणून बाबांना बैठकीला घेऊन गेलो. म्हटलं, बसतील माझ्या शेजारी. तर खात्याला नवे साहेब येणार होते, कुणी बघितलेले नाहीत, टेबलाच्या टोकाची हातांची खुर्ची रिकामी, आणि बाबा आत शिरले ते थेट तिच्यात जाऊन बसले. तुम्हाला सांगतो, सगळी समिती उभी राहिली! बाबा म्हणाले, "बसा. विषय काय?"

मी म्हटलं, "अहो सचिवसाहेब, हे माझे..." तर सचिव माझ्यावरच डोळे वटारून, दबक्या आवाजात, "मधे बोलू नका, साहेब बोलतायत."

मग काय विचारता. इंजिनियर सांगायला लागले, जागेचा प्रश्न विचाराधीन आहे. बाबांनी बोट रोखलं, कारखान्यात रोखायचे तसंच. "कोण करणार? कधी होणार?" इंजिनियर म्हणाले, "बघतो, साहेब." बाबांनी मान हलवली, पाणी प्यायले, आणि विसरले. परत बोट, "कोण करणार? कधी होणार?" आता इंजिनियरला वाटलं, उत्तर पसंत पडलं नाही. "मीच करतो, साहेब, दोन महिन्यांत." बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. वळले. "कोण करणार? कधी होणार?" इंजिनियरला घाम! "साहेब, तळमजल्यावरची अडगळीची खोली आहे, या महिन्यातच रिकामी करून देतो!" मग बोट हिशेबवाल्यांकडे, मग डॉक्टरांकडे. अहो, जी नर्स नकाशावर सापडत नव्हती, तिचं जेवायच्या सुट्टीच्या आत ठरलं.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आल्या, मी सवयीने उठलो, त्या माझ्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "माझे वडील. विसरण्याचा आजार आहे. तुम्ही?" त्या म्हणाल्या, "मी नवी साहेब." मी बाबांना उठवायला निघालो, तर बाईंनी माझी बाही धरली. "राहू द्या हो, कामं होतायत."

शेवटी बाबा म्हणाले, "चला, कामाला लागा." सगळे उठले, तेव्हा बाईंनी आपली ओळख सांगितली, आणि बाबांचीही. सचिव चाचरत म्हणाले, "म्हणजे... हे ठराव रद्द?" बाई म्हणाल्या, "करू की. कारण लिहावं लागेल फक्त. काय लिहू?" कोण सांगणार? पेशंटला साहेब समजलो, हे कोण आपल्या हाताने लिहून देणार? सगळे खाली बघत कामाला लागले.

केंद्र झालं हो! तळमजल्यावर, दार उघडंच, नंबर-बिंबर काही नाही. बाबा रोज शर्ट घालून खुशीत जातात, कामावर. आणि आईचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा मी समोरच होतो, माझे डोळे भरून आलेले, म्हटलं आता आई काय म्हणते. तिने मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. केस बघितले, म्हणजे जिथे होते ती जागा बघितली. आणि म्हणाली, "अगं बाई, केवढा म्हातारा झालास रे! त्या केंद्रात तुझंही नाव आत्ताच घालून ठेव, त्या लोकांना वेळ लागतो."

घातलं. काय करता?