समोरच्या ताईंचं सिम

...आणि वर सगळी बिल्डिंग मलाच विचारते, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? आता सांगायला कशाला लागतं कुणी? समोरासमोर दारं, बावीस वर्षांचा शेजार, ताईंचं शिलाई मशीन थांबलं की मला इकडे कळतं, दोरा संपला की डोळे भरले, आणि ती बाई जन्मात पहिल्यांदा परदेशी निघाली, मुलीच्या बाळंतपणाला, चार महिने, तर मी काय दार लावून बसायचं? मी आपलं स्वस्तात काय पडेल ते सांगितलं. एवढाच माझा गुन्हा.

मोबाईलच्या दुकानातही मीच गेले बरोबर. तो दुकानदार, हात दुसऱ्याच कुणाच्या उघड्या फोनात, मान न उचलता, "मॅडम, तीन ऑप्शन आहेत. एक, हाच नंबर ठेवा, रोमिंगचा पॅक मारा. दोन, तिकडे उतरलात की तिकडचं सिम घ्या. तीन, दोन्ही ठेवा. फोनला दोन स्लॉट आहेत, इकडचं नुसतं चालू ठेवा, फोन आला तर उचलू नका, मिनिटाला पैसे लागतात, नंबर बघा आणि नंतर तिकडच्या सिमवरून लावा."

ताई म्हणाल्या, "उचलू नका म्हणजे? मी उचलणार."

आता ही गोष्ट तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. ताईंना एक मुलगा आहे. जिना चढताना शिट्टी वाजवायचा म्हणून आम्ही त्याला शिट्टीच म्हणायचो. सहा वर्षांपूर्वी बापाशी भांडला, चपला घातल्या, गेला. तो गेलाच. नंबर बंद, पत्ता नाही. पुढे तीन वर्षांनी बाप गेला, ते तरी कळवायचं कुठे? त्याला पाठ असलेला घरचा नंबर एवढा एकच, म्हणून ताईंनी तो कधी बदलला नाही. गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत फोन, आणि अनोळखी नंबर दिसला की दुसरी रिंग व्हायच्या आत उचलायचा. कर्जवाल्यांचा उचलतात, प्लॉटवाल्यांचा उचलतात, चुकून लागलेलाही उचलतात, आणि आधी बोलत नाहीत, नुसतं ऐकतात. ही सवय घेऊन बाई परदेशी गेली तर काय होईल? दिवसाला आठ फोन, मिनिटामिनिटाला पैसे, नातवाला खुळखुळा घ्यायला काही उरणार आहे का? म्हणून मी म्हटलं, ताई, तुम्ही तिकडचं सिम घ्या आणि हे माझ्या फोनात टाका. माझा एक स्लॉट रिकामाच आहे, इनकमिंग फुकट. स्वस्तात पडतं की नाही, तुम्हीच सांगा.

दोन दिवस ताई तयार होईनात. शेवटी मुलीनेसुद्धा तिकडून सांगितलं, "आई, मावशी बरोबर बोलतायत." बघा. पण तिचं नाव कुणी घेत नाही.

निघायच्या सकाळी ताई आल्या, शिवणाच्या सुईने सिमचा ट्रे उघडला, सिम माझ्या तळहातावर ठेवलं. "उचलशील ना गं? अनोळखी असला तरी?" म्हटलं, उचलीन. "आणि उचललास की बोलू नकोस. आधी ऐक. त्याचं सगळं बोलून होऊ दे." म्हटलं, ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

हसताय ना? हसा.

तीन महिने शब्द पाळला मी. आंघोळीला फोन बरोबर, गच्चीवर कपडे वाळत घालायला फोन बरोबर. आमचे हे म्हणाले, "इतकं लक्ष माझ्याकडे दिलं असतंस तर मी बारीक झालो असतो." विमेवाल्याचं ऐकलं, प्लॉटवाल्याचं ऐकलं, एक कर्जवाली पोरगी तर घाबरलीच, "मॅडम... मॅडम, आहात ना तुम्ही?" आणि रोज संध्याकाळी ताईंचा तिकडून व्हिडिओ. बाळ दाखवायच्या आधी एकच प्रश्न, "आला होता का गं कुणाचा?"

आणि एका मंगळवारी दुपारी मी शेंगा सोलत बसलेय, तर वाजला. अनोळखी. दुसरी रिंग व्हायच्या आत उचलला, गप्प बसले. अगदी गप्प. पलीकडे गाड्यांचा आवाज, कुणाचा तरी श्वास... आणि मग, "आई?"

झालं. मला काय झालं ते मला माहीत नाही. "अरे मेल्या, शिट्टी, तूच ना रे, मी समोरची मावशी, आई नाहीये, आई परदेशात आहे, तुझ्या बहिणीला मुलगा झाला, मामा झालास तू, आहेस कुठे, जेवतोस का, लग्न केलंस का, मिळतात किती, एक फोन करायला बोटं झडली होती का, तुझे बाबा गेले तेव्हा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते..."

आणि तिथे माझ्या लक्षात आलं. त्याला माहीतच नव्हतं.

आता माणसाने थांबावं की नाही? नाही थांबले. सावरायला म्हणून आणखी बोलले. फार त्रास झाला नाही म्हटलं, हॉस्पिटल चांगलं होतं म्हटलं, कॅन्टीनही बरं होतं म्हटलं. कॅन्टीन... हो. मग बघते तर पलीकडे कुणी नाही.

लगेच उलटा लावला. कुणी भलताच. "मी स्टँडवर पंक्चर काढतो बाई. एकाने फोन मागितला, घरी लावायचाय म्हणाला. बराच वेळ कानाला धरून उभा होता, बोलला काहीच नाही. फोन परत दिला आणि समोर आली त्या बसमध्ये चढला." कुठली बस? "आता बाई, मी चाकाकडे बघणार की पाटीकडे?" त्या पंक्चरवाल्याला मी अजून दर मंगळवारी फोन करते. तो म्हणतो, "आला तर सांगीन की, रोज काय विचारायचं." रोज कुठे विचारते?

पुढचा महिनाभर ताई व्हिडिओवर विचारायच्या, "आला होता का गं कुणाचा?" आणि मी सांगायची, विमेवाल्याचा. मांडीवर तान्हं बाळ असलेल्या बाईला काय सांगायचं? तेही वाय-फायवर, मध्येच तोंड गोठतं. समोरासमोर सांगू म्हटलं. तेच बरं पडतं की नाही, तुम्हीच सांगा.

परवा आल्या. बॅगा दारातच ठेवून आधी सिम मागितलं. दिलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, कॅन्टीनसकट. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो. नाही ओरडल्या. सुईने ट्रे उघडला, सिम बसवलं, फोन पिशवीत, पिशवी गळ्यात. मग म्हणाल्या, "आवाज कसा होता गं त्याचा? खंगल्यासारखा वाटला का?"

काय सांगू मी? चार मिनिटं अकरा सेकंद चालला तो फोन, माझ्या फोनात नुसती नोंद आहे अजून, पुसली नाही मी. त्यात त्याचं एक "आई". बाकी सगळी मीच.

काल त्या दुकानदाराकडे जाऊन विचारून आले, म्हटलं, चार मिनिटांचा हाच फोन ताईंनी तिकडे उचलला असता तर किती पडले असते? त्याने कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. उशीच्या दोन अभ्र्यांची शिलाई.

तेवढे वाचवले मी त्यांचे.