हुकमाचा रकाना

अरे बाप्पा, आमचा संपत शिपाई आठवला की मले अजूनई हसू आवरत नाही! मी तवा मोर्शीच्या कचेरीत कारकून होतो. तक्रारीच्या रजिस्टरात दोन रकाने होते. डाव्यात लोकं आपल्या हातानं तक्रार लिहेत, उजव्यात साहेब हुकूम लिहेत. संपत फक्त उजवा रकाना वाचे अन् कामाले पळे.

एका सकाळी साहेबाच्या बंगल्यामागचा संत्रेवाला गुलाबराव आला. त्याच्या बागेच्या नासाडीचं रामायण एवढं लांबलं, की डावा रकाना भरून गेला. मंग शेवटचं वाक्य त्यानं बाजूच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: "साहेबाची पांढरी गाय कोंडवाड्यात टाका."

दुपारी साहेब लालबुंद होऊन आले. "माझी गाय कोणाच्या हुकमानं नेली?"

संपतनं रजिस्टर पुढं केलं. "तुमच्याच, साहेब!"

"अरे, हे अक्षर माझं आहे का?"

"अक्षर कोन पायते, साहेब? रकाना त् तुमचाच हाये ना!"

पण खरी गंमत पुढंच हाये. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडतो त् रजिस्टरपाशी ही मोठी रांग! अन् एकाचीबी तक्रार डाव्या रकान्यात मावून नाही राहिली!