सुटली की सोडली

पोलीस दूरक्षेत्र, देवणी. दिनांक २५ मे १९८६.

नाव पंचशीला केरबा सूर्यवंशी, वय २२ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा प्रौढ शिक्षण वर्ग चालविणे, राहणार मौजे नागतळी, तालुका उदगीर, जिल्हा लातूर. (छापील कागदावरील 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' केले.)

मी स्वतः येथे हजर होऊन, विचारल्यावरून माझी हकीकत सांगते ती अशी की, वरील ठिकाणी मी आई भामाबाई व वडील केरबा यांच्यासोबत राहते. वडील गावातील लिंबाजी माणिकराव यांच्याकडे सालगडी आहेत. लिंबाजीरावांची कारवानी जातीची शिकारी कुत्री सांभाळण्याचे काम वडिलांकडे आहे. सुलतान हा कुत्रा आणि बिजली ही कुत्री, दोन्ही वडिलांच्या हातची भाकरी खाऊन वाढली. ती मला ओळखतात. आईलाही ओळखतात.

आमच्या भागात कारवानी कुत्र्यांच्या शर्यतीत जिवंत ससा सोडत. ते कायद्याने बंद आहे. यंदा माघ महिन्यात मी लिंबाजीरावांकडे जाऊन विनंती केली की ससा न मारताही शर्यत होऊ शकते. नवीन जिल्हा झाला आहे, जिल्ह्याच्या प्रदर्शनात देवणी बैलासोबत आपला कारवानीही मांडता येईल, पण त्याला रक्त लागलेले चालणार नाही, असे मी म्हणाले. लिंबाजीराव तेव्हा सर्वांसमोर म्हणाले, "मास्तरीण म्हनती ते खरं हाय." नायलॉनची दोरी त्यांनीच आणून दिली. हेही लिहून घ्यावे.

दोरी ओढण्यासाठी दुकानदार चंद्रप्पा यांनी आपली लुना दिली. लुना स्टँडवर उभी करून मागच्या चाकाचे टायर काढायचे, रिमला दोरी बांधायची. अॅक्सिलेटर पिळला की दोरी रिमवर गुंडाळत येते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाची चिंधी जमिनीवरून पळत येते. वळणाच्या दोन जागी खुंट ठोकून त्यावर गराड्या, म्हणजे दोर फिरण्याच्या कप्प्या, बसवल्या. या गराड्या आमच्या वस्तीच्या विहिरीवरच्या आहेत. ती विहीर दोन वर्षांपासून कोरडी असल्याने त्या रिकाम्या होत्या. चिंधीला गावात खोटा ससा म्हणतात. हे सर्व गावच्या कोरड्या तलावात चाले, आणि लुनावर बसण्याचे काम माझ्याकडे होते. लोक हसत. "पंचशीला रोज लुना चालवती, पन अजून तलावाच्या भाईर गेली न्हाई," असे म्हणत. मीही हसत असे.

विचारल्यावरून सांगते की, हे काम धोक्याचे आहे व ते मला माहीत होते. पळती दोरी हाताने धरली तर बोट जाते. दोरीच्या वळणाच्या आत कोणी उभे असेल तर पाय कापतो. चिंधी पुढच्या कुत्र्याच्या फार जवळ ठेवली तर कुत्री तिच्यावर पडून दोरीत अडकतात. फार लांब ठेवली तर त्यांची नजर सुटते आणि ती दुसरे काही हालते का ते शोधू लागतात. म्हणून मी नेम घालून दिला होता. आधी मी सगळी दोरी डोळ्यांनी पाहीन. वाटेत माणूस, गुरे, शेरडू कोणी नाही अशी खात्री झाली की उजवा हात सरळ डोक्यावर नेऊन "सोडा" म्हणेन. त्याशिवाय कोणी पट्टा सोडायचा नाही. सोडा हा शब्द फक्त माझा. लिंबाजीरावांनी हे सर्व मालकांसमोर कबूल केले होते.

चिंधी पांढरी ठेवण्याचे मी ठरवले. तलावाच्या काळ्या गाळावर पांढरे लांबून दिसते. आईच्या बुद्धवंदनेच्या जुन्या पांढऱ्या साडीचा पदर फाडून ती केली होती. पांढरे काही हालले की त्यामागे जायचे, हे त्या कुत्र्यांना आम्ही महिनाभर शिकवले. मला हे कोणी विचारलेले नाही, तरी सांगते.

दिनांक २३ मे रोजी, वैशाखी पौर्णिमेला, कोरड्या तलावात शर्यत होती. ही तारीख घेऊ नका, त्या दिवशी आमच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून तलावातल्या पायवाटेने विहाराकडे जातात, असे मी आधी सांगितले होते. पण कुत्री पाहायला लातूरचे पाहुणे त्याच दिवशी येणार होते. शर्यत पाचच्या आत संपवू, असे ठरले. पाहुणे उशिरा आले. शेवटची जोड सुलतान आणि बिजली यांची होती. दोन्हींचे पट्टे लिंबाजीरावांनी स्वतःच्या हातात घेतले. पाहुण्यांना दाखवायचे होते म्हणून त्यांनी वडिलांना मागे उभे केले.

त्या वेळी साडेपाच झाले असतील. आमच्या वस्तीतील बायका लिंबाजीरावांच्या विहिरीवरून येताना मला दिसल्या. सरकारी टँकर त्याच विहिरीत रिकामा होतो, सगळे गाव तेथूनच पाणी घेते. विहाराच्या पिंपळाला घालण्यासाठी प्रत्येकीने पाणी घेतले होते. आई सर्वांत पुढे होती. तिच्या डोक्यावर घागर होती.

मी लुना बंद केली. हात खाली होता. लिंबाजीरावांनी विचारले, "काय झालं गं?"

मी म्हणाले, "बायका चालल्यात, काका. पलीकडं जाऊ द्या त्यांना."

"अगं, पाव्हणे थांबलेत."

"थोडा दम धरा, काका. कुत्र्यांच्या नजरंला पडल्यात त्या."

कुत्री पट्टे ताणून बायकांकडे पाहत होती. लिंबाजीरावांनीही तिकडे पाहिले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "घ्या. आज ससे आपल्या पायानंच आले की!" पाहुणे हसले. जवळचे इतर लोकही हसले. वडील म्हणाले, "मालक, न्हाई, मालक." ते मी ऐकले.

त्यानंतर लिंबाजीरावांनी मूठ उघडली. माझे अंतर वीस-पंचवीस हात असेल, मध्ये कोणी नव्हते. पट्टा तुटला नाही. हाताला हिसका बसला नाही. ते तेव्हाही हसत होते. त्यांना जरा गंमत करायची असावी असे मला वाटते. पुढे काय होईल हे त्यांना माहीत नसावे. परंतु मूठ त्यांनी उघडली. कुत्री लिंबाजी माणिकराव यांनी सोडली.

कुत्री येताना पाहून बायका पळू लागल्या. मी उभी राहून ओरडले, "पळू नका! बसा! खाली बसा!" जे हालत नाही त्यामागे ही कुत्री जात नाहीत. हे सांगताना मी दोन्ही हात पुढे करून, तळवे खाली दाबून दाखवत होते. पंचशीलाने हात केला म्हणून कुत्री सोडली, असे आता गावात सांगितले जाते. 'सोडा'चा हात डोक्यावर असतो. हा हात पोटासमोर होता. कोणाला बसवायला हात वर करत नाहीत.

बायका बसल्या. आई बसली नाही.

मी दोरीवर नजर टाकली. बायका पायवाटेवर, दोरीच्या अलीकडे होत्या. दोरीवर कोणी नव्हते. कुत्र्यांना वळवायला माझ्याकडे एकच साधन होते म्हणून मी लुना चालू करून चिंधी ओढली. सुलतान चिंधी पाहून वळला आणि तिच्यामागे गेला. बिजली वळली नाही. लुना चालू होती म्हणजे शर्यत चालू होती, असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की लुना मी कुत्री निघाल्यानंतर चालू केली, आधी नाही. आणखी थोडी लवकर चालू केली असती तर बिजलीही वळली असती का, हे मला सांगता येणार नाही.

बिजली पूर्ण वेगात आईच्या पाठीवर गेली. आई घागरीसह पडली. बिजलीने पदर धरून झटकला. चिंधीलाही ती तसेच करते. वडील "बिजले, बिजले" म्हणत पळत गेले, तेव्हा तिने पदर सोडला आणि वडिलांचा हात चाटला. वडिलांनी तिला मारले नाही. ते तिचा पट्टा धरून खाली बसले.

आईला लुनावर नेता येईना, चाकाला टायर नव्हते. पाहुण्यांच्या जीपमधून तिला उदगीरच्या दवाखान्यात नेले. खुब्याचे हाड मोडले आहे. चालता येईल की नाही ते डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही. मी तिला विचारले, "माय, बस म्हनले तर बसलीस का न्हाई?" ती म्हणाली, "बसले असते तर पानी सांडलं असतं की गं."

काल सकाळी लिंबाजीराव दवाखान्यात आले होते. मोसंबी आणली होती. आईला म्हणाले, "भामाबाई, तू मला भैनीसारखी." मग मला व्हरांड्यात बोलावून म्हणाले, "पोरी, पोलीस इचारतील. कुत्री सुटली म्हनून सांग. तेवढं एक सांग, बाकी सगळं तुज्या मनानं सांग." मी आत जायला वळले. ते म्हणाले, "पानी समद्यांचं हाय. मी कधी न्हाई म्हनलो का?" तोपर्यंत मी पाण्याचे नाव काढले नव्हते.

काल दुपारी मी गावात आले तेव्हा त्यांच्या विहिरीवरची आमच्या वस्तीच्या बाजूची गराडी काढलेली होती. दुरुस्तीला नेली आहे, असे सांगण्यात आले. बाकीच्या बाजूंच्या गराड्या जागेवर आहेत. आमच्या बायका काठावर उभ्या राहून हाताने दोर ओढत होत्या. त्यांतील कोणी मला काही बोलले नाही. एरवी त्या मला पाहिले की वर्गाचे विचारतात.

शर्यतीचे पंच चंद्रप्पा होते. मी त्यांना विचारले की तुम्ही पाहिले का. ते म्हणाले, "ऊन डोळ्यांवर होतं बघ, बाई. काय दिसलं न्हाई." चंद्रप्पा यांची खुर्ची पूर्वेकडे तोंड करून मांडली होती. ते चांगले गृहस्थ आहेत. लुना त्यांनी एक पैसा न घेता दिली होती.

वडील आज माझ्यासोबत आले आहेत, बाहेर बसले आहेत. बसमध्ये ते मला म्हणाले, "माय, सुटली म्हन की. सुटली अन् सोडली, कितीसा फरक हाय?" मी त्यांना म्हणाले, "दादा, तुमी सांगा. तुमच्या हातून कदी सुटली का?" उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते.

विचारल्यावरून सांगते की, माझे लिंबाजीरावांशी पूर्वीचे वैर नाही. मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. मी हा जबाब भीतीने देत आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, होय, मला भीती वाटते. आत येताना लिंबाजीरावांची गाडी समोर लिंबाखाली उभी पाहिली. ती अजून तेथेच आहे, या खिडकीतून दिसते. तरी जे सांगितले ते पाहिलेलेच सांगितले आहे. उजेडात गावात पोचता यावे म्हणून आम्हाला दुपारच्या बसने जाऊ द्यावे.

आणखी एक विनंती आहे. पंचनाम्यात जप्त केलेल्या वस्तूंमध्ये लुना, दोरी, चिंधी आणि दोन गराड्या आहेत. त्यांतील एक गराडी मला पोच लिहून घेऊन परत द्यावी. ती विहिरीवर आमच्या बाजूला बसवता येईल. तिला वंगण मी नुकतेच घातलेले आहे. चिंधी परत नको.

हा जबाब जमादार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मूठ उघडल्याच्या मजकुरानंतर 'त्यामुळे कुत्री सुटली' असे लिहिलेले ऐकून मी हरकत घेतली. साहेब म्हणाले, बाई, विचार करून सांगा, वेळ घ्या. मी वेळ घेतला. माझ्या सांगण्यावरून ते वाक्य खोडून 'कुत्री लिंबाजी माणिकराव यांनी सोडली' असे केले आहे आणि त्या खाडाखोडीपुढे मी वेगळी सही केली आहे. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
पंचशीला केरबा सूर्यवंशी