वीतभर पट्टा

...न्हाय, मोगरा नको गं शिवरंजनी. उंच काहीच नको. गाडीच्या वाटेतला तुझा पट्टा केवढा — वीतभर. फाटकापासून पोर्चपतोर गाडी जाणार, दार उघडणार, तुझे मिस्टर उतरताना फांदी खिशात अडकणार, आन् राग कुणावर? तुझ्यावर. ते ऑफिस टाइमचं फूल? दिसतंय छान, व्हय, पर त्याची गंमत थोड्या महिन्यांची. तुला एकदा लावून वर्षानुवर्षं ऱ्हाणारं पायजे, जमिनीला धरून पसरणारं, जळकोटचं ऊन सोसणारं. ही पिवळ्या फुलांची वेडेलिया, ही माझी. ती पलीकडची जांभळ्या पानांची, ती इरम्माची. दोन्हीच्या फांद्या देते, बस खाली, कातरी आणलीय म्या.

इरम्मा कोण? माझी जाऊ. म्हंजे आधी सख्खी धाकटी बहीण, मग जाऊ — दोघी बहिणी दोघा भावांना दिल्या. आमचे हे आन् माणिकप्पा. घराच्या मधे भिंत घातली, गाडीची वाट मात्र दोघांत एकच. आन् त्याच वाटेवरनं बिनसलं. माणिकप्पानं गाडी मागं घेताना ह्यांच्या गाडीचा आरसा मोडला. हे म्हणले बघून घेत जा, तो म्हणला मधे लावायचीच कशाला — झालं, बोलणं बंद. ह्यांनी वाटेच्या मधोमध कोरांटी लावली, काटेरी, कमरेएवढी. तिनं दोघांच्याबी गाड्या खरवडल्या, मग उपटली. आन् फर्मान काय? तर बायकांनीबी बोलायचं न्हाय. तिनं फोडणी दिली की मला ठसका लागतो एवढं जवळ घर, आन् दोन उन्हाळे मी बहिणीचा आवाज भिंतीतनं ऐकला.

कोरांटी गेली, पट्ट्यातली धूळ घरात याया लागली. म्या ह्या बाजूनं वेडेलिया लावली, तिनं त्या बाजूनं जांभळी. दोन्ही बुटक्या, कुणाचं दार अडत न्हाय, म्हणून दोघं मालक गप. पर वेडेलियाला हद्द कळत न्हाय — पेरापेराला मूळ धरती. एक दिवस शेंडा पलीकडं गेला. इरम्मा बाहेर आली, नवऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणली, "तुमचा वेल आमच्यात आलाय, घेऊन जावा." सख्ख्या बहिणीला 'तुमचा'. मी कातरी घेऊन गेले. दोघी वाकलो, तशी हळूच म्हणली, "अक्का, केस किती पांढरे झाले गं तुझे." मला शेंडाच दिसंना, काय कापू?

मग काय, वेल रोज जातो व्हय पलीकडं? न्हाय जात. आता तुला म्हणून सांगते — दुपारी हे झोपले की मी पायानं शेंडा तिकडं सारायची, वर माती दाबायची. थोड्या दिवसांनी इरम्माची हाक आलीच म्हणून समज.

गेल्या साली मला ताप आला, अंथरूण धरलं. म्हणलं आता कुठला वेल आन् कुठली हाक. खिडकीतनं बघते तर हे — गुडघा दुखतो म्हणून देवापुढंबी वाकत न्हाय असला माणूस — उकिडवे बसून शेंडा पलीकडं दाबतायत. मग उठून खाकरले, "माणिक, वेल आलाय बघ तुझ्यात. काप." माणिकप्पा बनियनवर बाहेर आला. म्हणला, "ऱ्हाऊ दे की अण्णा. वहिनीला बरं वाटू दे, मग बघू." आन् दोघं तिथंच पायरीवर बसले. इरम्मानं चहा आणला. पयला कप ह्यांना. तो वेल अजून कुणी कापला न्हाय.

ह्यांना वाटतंय मी तवा झोपेत होते. तसंच वाटू दे, बोलू नको कुठं. आन् मला वाटायचं, माझं कुणालाच ठाऊक न्हाय. तर परवा हितंच बसलो होतो दोघी, इरम्मा म्हणती कशी, "अक्का, तू नुसतं पायानं दाबायचीस, त्यानं कुठं मूळ धरतंय? तू आत गेलीस की वर दगड मी ठेवायची."

...हसतीस काय? जा, ऊन चढायच्या आत लाव त्या फांद्या.